शोधचौकट आणि मैदान : क्रीडा संकेतस्थळांच्या दर्जाचा वाद, गोव्यातून पाहताना

डिसेंबर २०२२ मध्ये पर्वरी येथील गोवा क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर गोवा विरुद्ध राजस्थान हा रणजी करंडकाचा सामना झाला. गोव्याने ९ बाद ५४७ धावांवर डाव घोषित केला. त्यात सुयश प्रभुदेसाईच्या २१२ धावा होत्या आणि रणजी पदार्पण करणाऱ्या अर्जुन तेंडुलकरच्या १२०. सहाव्या गड्यासाठी दोघांनी २२१ धावांची भागीदारी केली. त्या दिवशी देशभरातल्या क्रीडा संकेतस्थळांवर जे मथळे झळकले त्यांचा आशय जवळजवळ एकच होता : १९८८ मध्ये वडिलांनी रणजी पदार्पणात शतक केले, आता मुलानेही केले. द्विशतकवीर प्रभुदेसाई बहुतेक ठिकाणी खालच्या परिच्छेदात, ‘दुसऱ्या टोकाला साथ देणारा’ म्हणून आला. ज्याने दुसऱ्याला साथ दिली तोच मोठी खेळी खेळला होता, ही गोष्ट वाचकाने धावफलकावरून स्वतःच ताडायची होती.

या मजकुरात खोटे काही नव्हते. आकडे बरोबर होते, भाषा बऱ्यापैकी शुद्ध होती, १९८८ चा संदर्भही अचूक होता. ऑनलाइन पत्रकारितेच्या दर्जाविषयी बोलताना आपण ज्या कसोट्या लावतो, म्हणजे शुद्धलेखन, अचूकता, सनसनाटीचा अभाव, त्या सगळ्यांवर तो उतरला असता. तरीही त्या दिवशी पर्वरीत काय घडले हे त्यातून कळत नव्हते. गोव्याच्या फलंदाजीबद्दल, खेळपट्टीबद्दल, स्थानिक खेळाडूंच्या तयारीबद्दल वाचकाला काही हाती लागत नव्हते.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे की दर्जाचा हा वाद चुकीच्या पायरीवर चालला आहे. मजकूर कसा लिहिला गेला यावर चर्चा होते. तो का लिहिला गेला, आणि त्याच वेळी काय लिहिले गेले नाही, यावर होत नाही. सामुदायिक महाविद्यालयांत बातमीलेखन, भाषांतर किंवा संगणकावरील मजकूरलेखन शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. आपले विद्यार्थी या संकेतस्थळांचे नुसते वाचक नाहीत. त्यांतले काही जण अभ्यासक्रम संपताच अशाच ठिकाणी शब्दांच्या किंवा लेखांच्या हिशेबाने लिहू लागतात.

शोधावर चालणे म्हणजे काय

वृत्तपत्राच्या कचेरीत क्रीडा उपसंपादकाच्या समोर सकाळी सामन्यांची यादी असते. शोधावर चालणाऱ्या संकेतस्थळात त्या जागी शोधशब्दांची यादी असते. लोक या घडीला शोधयंत्रात काय टाइप करीत आहेत, कोणता शब्द किती वेगाने चढतो आहे, त्या शब्दावर इतरांनी आधीच किती मजकूर टाकला आहे, हे दाखवणारी साधने उपलब्ध आहेत. त्यावरून आधी मथळा ठरतो, मग लेखक ठरतो आणि शेवटी मजकूर. मजकुरासाठी लागणारी माहिती दुसऱ्या संकेतस्थळांवरून, समाजमाध्यमांवरून, धावफलकावरून घेतली जाते. कुणी मैदानावर जात नाही, कारण जाण्याची गरजच निर्माण होत नाही. उत्पन्न जाहिरातींचे, आणि जाहिराती पान किती वेळा उघडले त्यावर. म्हणून एक लेख दहा चित्रांच्या मालिकेत तोडायचा, की वाचक दहा वेळा पान उघडतो.

या रीतीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण फेब्रुवारी २०११ मधले आहे. अमेरिकेतील सुपर बोल हा फुटबॉलचा अंतिम सामना किती वाजता सुरू होणार, एवढ्याच प्रश्नाचा मथळा करून हफिंग्टन पोस्टने एक पान टाकले. लाखो लोक तेच विचारीत होते. उत्तर एका ओळीचे होते. त्यानंतर असली पाने टाकण्याची प्रथाच पडली. मराठीत ‘कधी, कुठे, केव्हा पाहाल’ या धर्तीचे मथळे आज रोज दिसतात, ते याच घराण्यातले आहेत. असल्या पानाचा राग करण्याचे कारण नाही. वेळापत्रक सांगणे हे वृत्तपत्राचेही काम होतेच. अडचण तेव्हा होते जेव्हा सगळी कचेरीच वेळापत्रकाच्या पद्धतीने विचार करू लागते.

ब्लीचर रिपोर्ट या अमेरिकन संकेतस्थळाचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. चार मित्रांनी सुरू केलेले हे संकेतस्थळ सुरुवातीला चाहत्यांनी, बहुतांशी विनामोबदला, लिहिलेल्या लेखांवर उभे राहिले. शोधशब्दांचा अभ्यास करून मथळे आधी ठरवायचे आणि ते लेखकांना वाटून द्यायचे ही तिथली पद्धत ऑक्टोबर २०१२ मध्ये एसएफ वीकली या सॅन फ्रान्सिस्कोच्या साप्ताहिकाने सविस्तर मांडली. त्याच्या दोनच महिने आधी, ऑगस्ट २०१२ मध्ये, टर्नर या बड्या प्रसारण कंपनीने ते संकेतस्थळ विकत घेतले होते. म्हणजे दर्जावर टीका आणि धंद्यात यश, दोन्ही एकाच सुमारास शिगेला पोहोचले. भारतात २००९ मध्ये बंगळूर येथून सुरू झालेले स्पोर्ट्सकीडाही आरंभी चाहत्यांच्या लिखाणावरच वाढले आणि २०१९ मध्ये नझारा या कंपनीने त्यातला मोठा हिस्सा घेतला. इथेही वाटचालीचा साचा तोच.

शोधयंत्र चालवणाऱ्यांनाही हा मजकूर अडचणीचा होतच होता. गुगलने फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ नावाचा बदल करून उथळ मजकूर निकालांत खाली ढकलला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकुरा’च्या नावाने पुन्हा बदल झाला, आणि मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात मजकूर तयार करणाऱ्यांविरुद्ध नवे नियम आले. प्रत्येक बदलानंतर संकेतस्थळांनी लिखाणाची पद्धत बदलली : लेख लांबवले, लेखकाची ओळख जोडली, उपशीर्षके घातली. विषय निवडण्याची पद्धत मात्र कुणी बदलली नाही.

हौशी माणसाचा दोष किती

ब्लीचर रिपोर्टवर टीका करणाऱ्या जुन्या क्रीडा पत्रकारांचा रोख हौशी लेखकांवर होता. ज्यांना पत्रकारितेचे शिक्षण नाही, जे कधी खेळाडूला भेटलेले नाहीत, त्यांनी लिहू नये, असा तो सूर होता. आपल्याकडेही हा सूर ऐकू येतो. प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही, आणि न पटण्याचे कारण क्रिकेटमध्येच आहे.

क्रिकइन्फोची सुरुवात १९९३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातल्या सायमन किंग या संशोधकाने केली. तेव्हा तिथे पगारी पत्रकार कुणी नव्हते. परदेशात शिकणारे विद्यार्थी, त्यांत अनेक भारतीय, मिळेल तिथून सामना ऐकून धावा टाइप करीत होते. जुन्या सामन्यांचे धावफलक पुस्तकांतून उतरवून साठवीत होते. हौशीपणा म्हणाल तर तो ब्लीचर रिपोर्टपेक्षा अधिक होता. तरीही त्यांच्या श्रमातून जगातला क्रिकेटचा सर्वांत विश्वासार्ह दप्तरखाना उभा राहिला. पुढे २००३ मध्ये विस्डेनने आणि २००७ मध्ये ईएसपीएनने तो विकत घेतला.

फरक कुठे होता? क्रिकइन्फोचा स्वयंसेवक सामन्यापासून सुरुवात करी. सामना कितीही छोटा असो, त्याचा धावफलक भरायचाच, कारण रकाना रिकामा राहिलेला त्याला बघवत नसे. शोधशब्दापासून सुरुवात करणाऱ्या लेखकाला रिकामा रकाना दिसतच नाही. जे कुणी विचारले नाही ते त्याच्या यादीत येत नाही. दोघेही हौशी आणि दोघेही बिनपगारी. त्यांच्यासमोर ठेवलेली यादी मात्र वेगळी होती, आणि सगळे त्या यादीने ठरवले.

याला पूरक पुरावा ब्लीचर रिपोर्टच्याच पुढच्या वाटचालीत मिळतो. टीका वाढल्यावर २०११ मध्ये त्यांनी किंग कॉफमन या अनुभवी क्रीडा लेखकाला लेखकांच्या प्रशिक्षणासाठी नेमले. २०१३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून हॉवर्ड बेक यांना आणले. लिखाण खरोखर सुधारले. याचा अर्थ दर्जा पैशाने विकत घेता येतो. पण तो ज्या विषयांना मागणी आहे त्यांच्याचसाठी घेतला जातो. अमेरिकन बास्केटबॉलवर उत्तम लिहिणारा माणूस नेमणे परवडते, कारण विचारणारे कोट्यवधी आहेत. पेडणे तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे पाऊण लाख होती आणि डिचोलीची लाखाला थोडी कमी. या दोन तालुक्यांतल्या प्रत्येक माणसाने एकाच दिवशी आपल्या गावचा निकाल शोधला तरी तो शब्द कुठल्याही यादीत वर चढणार नाही.

शिवाय ही सगळी माणसे एकाच लिपीत शोधत नाहीत. गोव्यात तोच माणूस मराठी वर्तमानपत्र वाचतो, कोंकणीत बोलतो आणि मोबाइलवर रोमन लिपीत टाइप करतो. पेडणे हे रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने ‘पेर्नेम’ होते, डिचोली ‘बिचोलिम’, साखळी ‘सांकेलिम’. म्हापशाजवळच्या पेडे येथे २०१४ च्या ल्युसोफोनिया स्पर्धांच्या वेळचे बंदिस्त क्रीडागृह आहे. पेडे आणि पेडणे ही दोन नावे रोमन लिपीत शेजारी ठेवली तर परक्या डोळ्यांना एकच वाटावीत. स्थानिक उपसंपादक ही चूक करणार नाही. दूरच्या शहरात बसून शोधशब्दावरून लिहिणाऱ्याने ती का करू नये, याला काही कारण दिसत नाही. आधीच थोडी असलेली मागणी अशी चार लिपी-भाषांत वाटली जाते, आणि यंत्राच्या दृष्टीने नाहीशी होते.

नोव्हेंबर २०२४ : सहाशे सहा धावा

पर्वरीच्याच मैदानावर १३ व १४ नोव्हेंबर २०२४ रोजी गोवा विरुद्ध अरुणाचल प्रदेश हा रणजीच्या प्लेट गटातला सामना झाला. अरुणाचलचा पहिला डाव ८४ धावांत आटोपला. अर्जुन तेंडुलकरने २५ धावांत ५ गडी बाद केले. मग गोव्याने २ बाद ७२७ धावा केल्या. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, आणि तिसऱ्या गड्यासाठी त्यांची अभंग भागीदारी ६०६ धावांची. रणजीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी भागीदारी. याआधीचा विक्रम २०१६ मध्ये महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांनी दिल्लीविरुद्ध केलेल्या नाबाद ५९४ धावांचा होता. गोवा एक डाव आणि ५५१ धावांनी जिंकला.

पहिल्या दिवशी शोधयाद्यांत वर होते ते पाच बळी. दुसऱ्या दिवशी विक्रमामुळे दोन नवी नावे आली आणि ‘कोण आहे?’ या शब्दांनी सुरू होणारे लेख निघाले. हा लेखनप्रकार आता इतका रुळला आहे की त्याला नाव द्यायला हरकत नाही. त्याला ओळखपत्री लेख म्हणावे. जन्मतारीख, संघ, आजवरच्या धावा, आयपीएलमध्ये कोणत्या संघात होता किंवा नव्हता. खेळाडूंच्या नावांची अवस्था तर विचारू नये. इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत परत आणताना कवठणकरांचे ‘कौथणकर’ झाले आणि बखल्यांचे ‘बाकले’. ज्या आडनावातून एखाद्या गावाचे नाव ऐकू येते ते आडनाव मराठी-हिंदी वाचकापर्यंत येताना इंग्रजीतून वळसा घालून येते आणि वाटेत गाव गळून पडते.

या सामन्याबद्दल विचारण्याजोगे प्रश्न दोन होते. पहिला : ज्या संघाने ८४ धावांत डाव गमावला त्याच्याविरुद्धच्या ६०६ धावांचे मोल काय? २०१८-१९ पासून ईशान्येकडील आणखी राज्ये रणजीत आली, आणि त्यांच्यासह दुबळ्या संघांचा वेगळा प्लेट गट पाडला गेला. गोवा त्या गटात का उतरला होता? विक्रम हा खेळाडूंचा पराक्रम होता की स्पर्धेच्या रचनेचा दोष? दोन्हीही असू शकते. त्रिशतक काढायला जी एकाग्रता लागते ती गोलंदाजी दुबळी असली म्हणून फुकट मिळत नाही. दुसरा प्रश्न अधिक गोव्याचा होता. एकाच डावात दोन त्रिशतके रणजीत याआधी एकदाच झाली होती : १९८८-८९ च्या हंगामात, पणजीत, तमिळनाडूच्या डब्ल्यू. व्ही. रामन यांच्या ३१३ आणि अर्जन कृपाल सिंग यांच्या नाबाद ३०२. तमिळनाडूने ६ बाद ९१२ धावा केल्या. समोर गोलंदाजी करीत होता तो गोवाच. गोवा रणजीत आल्याला तेव्हा जेमतेम तीन-चार वर्षे झाली होती.

ज्या संघाने एकेकाळी तो मार खाल्ला त्याच राज्याच्या दोन फलंदाजांनी छत्तीस वर्षांनी तसाच मार दुसऱ्या नवख्या संघाला दिला. क्रीडा पत्रकारितेला याहून चांगला विषय कुठे मिळणार? १९८८-८९ चा तो सामना खेळलेली वा पाहिलेली माणसे गोव्यात आहेत. त्यांना विचारता आले असते की नवख्या संघाने असा मार खाणे पुढे उपयोगी पडते की नुसतेच खच्ची करते. सर्वदूर फिरलेल्या मजकुरात मात्र तमिळनाडूचा उल्लेख बहुधा आकडेवारीच्या एका ओळीपुरता राहिला. कारण उघड आहे. ‘गोव्याने १९८८-८९ मध्ये काय सोसले’ हे कुणी टाइप केले नव्हते.

डिचोलीची न झालेली लढाई

दर्जाची तपासणी बाह्य लक्षणांवरून केली की काय होते याचे जगभर गाजलेले एक उदाहरण डिचोलीच्या नावावर आहे. ते खेळाचे नाही, तरी इथे सांगणे आवश्यक वाटते.

जुलै २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर ‘डिचोली संघर्ष’ या अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली भागात युद्ध झाले, असे त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत सांगितले होते. खाली संदर्भग्रंथांची यादी होती. काही आठवड्यांतच त्याला ‘चांगला लेख’ हा अधिकृत शेरा मिळाला. तो शेरा फार थोड्या लेखांना मिळतो. पाच वर्षांहून अधिक काळ तो लेख तसाच राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये एका संपादकाने संदर्भग्रंथ शोधायला घेतले तेव्हा ती पुस्तके अस्तित्वातच नसल्याचे दिसले आणि लेख काढून टाकण्यात आला. युद्ध झालेच नव्हते.

डिचोलीतल्या कुठल्याही शाळेतील इतिहासाच्या शिक्षकाला पहिल्याच परिच्छेदात हे खटकले असते. १६४० मध्ये शिवाजी महाराज दहा वर्षांचे होते आणि राज्याभिषेक १६७४ चा. डिचोली तेव्हा आदिलशाहीकडे होती. पोर्तुगीजांच्या हाती हा भाग आला तो १७८० च्या दशकात, आणि पेडणे १७८८ मध्ये. खऱ्या इतिहासाची डिचोलीत वाण नाही. औरंगजेबाविरुद्ध बंड करून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आलेला शहजादा अकबर याच भागात राहिला होता, आणि तिथला नमाजगाह त्याच्याच नावाशी जोडला जातो. हे सगळे सोडून कुणाला तरी एक काल्पनिक युद्ध रचावेसे वाटले, आणि परीक्षकांना ते पटले. कारण त्यांनी तपासले ते तळटीपा आहेत का, मांडणी नीट आहे का, भाषा तटस्थ आहे का. गावाला विचारणे तपासणीच्या यादीत नव्हते.

क्रीडा संकेतस्थळांवरचा मजकूर खोटा असतो असे येथे सुचवायचे नाही. साम्य वेगळे आहे. दोन्हीकडे दर्जा म्हणजे दर्जाची चिन्हे. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या जुन्या, प्रतिष्ठित अमेरिकन मासिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वात नसलेल्या लेखकांच्या नावाने, संगणकाने बनवलेल्या चेहऱ्यांच्या छायाचित्रांसह मजकूर छापला गेल्याचे उघड झाले. तिथेही चिन्हे सगळी होती : नाव, छायाचित्र, चार ओळींचा परिचय. माणूस तेवढा नव्हता.

छापील पानाचा हिशेब

येथवर वाचून छापील वृत्तपत्रांचा पक्ष घेतला जात आहे असे वाटेल. तसे नाही. पेडणे किंवा डिचोलीच्या गावातली एखादी फुटबॉल किंवा क्रिकेट स्पर्धा संपल्यावर स्थानिक मराठी पानात येणारी बातमी आठवून पाहावी. सुरुवातीला बक्षीस वितरण कुणाच्या हस्ते झाले. मग व्यासपीठावर कोण कोण उपस्थित होते. सरपंच, पंच सदस्य, मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, खजिनदार. पाहुण्यांनी खेळाचे महत्त्व विशद केले. स्वागत कुणी केले, सूत्रसंचालन कुणी केले, आभार कुणी मानले. विजेत्या संघाचे नाव मधे कुठेतरी येते. गोल कुणी मारले ते येईलच असे नाही. छायाचित्रात करंडकाभोवती पाहुणे आणि मागच्या ओळीत खेळाडूंची डोकी.

वार्ताहराला यात दोष देता येत नाही. त्याला मिळणारा मोबदला नाममात्र असतो आणि नाव गळलेल्या पाहुण्याचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी त्यालाच येतो. पण हे मान्य करायला हवे की छापील पान व्यासपीठाकडे तोंड करून लिहिले जाते आणि संकेतस्थळ शोधचौकटीकडे. मैदानाकडे दोघांचीही पाठ. तरी एक फरक उरतो, आणि तो लहान नाही. पेडण्याचा वार्ताहर त्या मैदानावर उभा होता. त्याने लिहिले नाही तरी त्याने पाहिले आहे. उद्या त्याच्या संपादकाने ठरवले तर तो लिहू शकतो.

वृत्तपत्रांच्या बाजूची दुसरी चूक अधिक महागात पडली. २००० च्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी आपली संकेतस्थळे सुरू केली तेव्हा बहुतेकांनी आपापले खासगी फाँट वापरले. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत ती रोमन चिन्हे. शोधयंत्राला त्यातले एक अक्षरही वाचता येत नसे. पुढे युनिकोड आले, पण जुना मजकूर फारसा कुणी बदलून घेतला नाही. नंतरचे ई-पेपर तर छायाचित्रेच असतात. याच काळात गोव्याच्या फुटबॉलने काय केले ते पाहावे. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा हंगामांत देशाची आय-लीग स्पर्धा गोव्याच्याच क्लबांनी जिंकली : धेंपोने तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा. सहा वर्षे भारतीय फुटबॉल गोव्यातून चालले. त्याचे मराठी वार्तांकन दररोज होत होते. आज शोधचौकटीत ते जवळजवळ नाही. म्हणजे शोधावर चालणाऱ्या पत्रकारितेने गोव्याला वगळले हे खरे, पण वगळले जाण्याची निम्मी सोय आपणच करून ठेवली होती.

वर्गात हा विषय घ्यायचा झाला तर शुद्धलेखनाच्या चुका शोधायला लावण्यापेक्षा एक सोपा प्रश्न अधिक उपयोगी पडेल असे वाटते : या मजकुरात मैदानावर गेल्याशिवाय कळणार नाही अशी एक तरी गोष्ट आहे का? पर्वरीच्या दोन्ही सामन्यांचे चार-पाच वृत्तान्त मराठी, कोंकणी, इंग्रजीतून जमवून विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. बहुतेक मजकूर एकमेकांच्या पोटातून निघालेला दिसेल. मग त्यांना आपल्या तालुक्यात पाठवावे आणि ज्या गोष्टी कुणी शोधणार नाही त्या विचारून यायला सांगावे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीतल्या स्पर्धांना पैसा कोण देत होते आणि नंतर कोण देऊ लागले? साखळीची सेसा अकादमी १९९९ मध्ये सुरू झाली. तिथून बाहेर पडलेली पण क्लबात न पोहोचलेली मुले आज काय करतात? डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या पठारावर त्याआधी कोण खेळत होते? यातल्या एकाही प्रश्नाला शोधशब्द म्हणून किंमत नाही. प्रत्येकाचे उत्तर मात्र एका दुपारी दुचाकीवरून जाऊन मिळू शकते.

आता या वादात एक नवे वळण आले आहे. २०२४ पासून शोधयंत्र स्वतःच उत्तर लिहून देऊ लागले आहे. सामना किती वाजता, अमुक खेळाडू कोण, याची उत्तरे चौकटीच्या खालीच मिळतात, आणि ज्या संकेतस्थळांनी त्या प्रश्नांवर आपला धंदा उभारला त्यांच्याकडे वाचकाने जाण्याचे कारण उरत नाही. ज्यांनी यंत्रासाठी लिहिले त्यांचे काम यंत्राने हाती घेतले, यात अन्याय शोधणे कठीण आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की यंत्र उत्तर देते ते आधी कुठेतरी लिहून ठेवलेल्यातून. जे लिहिले गेले नाही, किंवा लिहून वाचता न येणाऱ्या फाँटात अडकले, ते त्या उत्तरात येणार नाही. त्या जागी जे आत्मविश्वासाने सांगितले जाईल ते डिचोलीच्या लढाईसारखे निघाले तर ओळखणार कोण?

पणजीच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या वृत्तपत्रांचे संग्रह आहेत. गोव्याविरुद्धच्या त्या ९१२ धावांचा वृत्तान्त त्या वेळच्या मराठीत वाचायचा असेल तर तिथे जाऊन पाने उलटावी लागतात. शोधचौकटीत धावफलक तत्काळ मिळतो. त्यात गोव्याच्या गोलंदाजांची षटके आणि त्यांनी दिलेल्या धावा आहेत, आणि त्यांची नावे, इंग्रजी स्पेलिंगमध्ये.